फरदड

“शेतकऱ्याला उद्याचा विचारच नाही.” आदिलाबादेत राहून हे वाक्य मी जितक्या वेळा ऐकलं, तितक्या वेळा नवकार मंत्रही ऐकला नसेल. अडतीच्या गादीवर ऐकलं, लग्नाच्या मांडवात ऐकलं, स्थानकात प्रवचन सुटल्यावर चपला शोधता शोधता ऐकलं. बोलणारे बहुतेक आपलेच. कुणाचं जिनिंग, कुणाची अडत, कुणाचं कृषी केंद्र. पुरावेही ठरलेले. कर्ज काढून लग्न करतो, हातात पैसा आला की मोटारसायकल घेतो, हंगाम संपला तरी फरदड घेतो, आणि बियाण्याबरोबर मिळालेलं ते छोटं पाकीट बांधावर फेकून देतो. उद्याचा विचार असता तर असं केलं असतं का?

या वाक्याशी माझं भांडण आहे. ते खोटं तर आहेच, पण ज्यांच्या तोंडी ते आहे त्यांच्या सोयीचंही आहे. उद्या आजच्या दिवसात कसा शिरतो, कुणाच्या दारातून शिरतो आणि कुणाच्या खर्चानं, हा प्रश्न तत्त्वज्ञांनी मोठमोठ्या ग्रंथांत मांडला. आमच्याकडे तो कापसाच्या शेतात उभा आहे. म्हणून तिथूनच सुरुवात करते.

पैनगंगेच्या अलीकडचा हा काळ्या जमिनीचा मुलूख. 1956 साली किनवट आणि राजुरा पलीकडे गेले, आम्ही मराठी बोलणारे इकडे उरलो. पण कापसाला सीमा कळत नाही, बोंडअळीला तर नाहीच. यवतमाळचं जे दुखणं, तेच आमचं.

त्या छोट्या पाकिटाची गोष्ट अशी. 2002 मध्ये बीटी कापसाला सरकारने परवानगी दिली, 2006 मध्ये दोन जनुकांचं बीटी आलं. साडेचारशे ग्रॅमच्या बीटी पाकिटाबरोबर 120 ग्रॅमचं बिगर-बीटी बियाणं मिळायचं. नियम असा होता की बीटीच्या भोवती पाच ओळी किंवा एकूण क्षेत्राचा वीस टक्के भाग, यांपैकी जे जास्त असेल तेवढ्यात हे साधं बियाणं लावायचं. गावात त्याला ‘रेफ्युजी’ म्हणत. कारण समजायला सोपं आहे. बीटीच्या पऱ्हाटीवर हजारात एखादी अळी तगते. तगलेल्यांचे पतंग फक्त एकमेकांशीच जुळले, तर पुढची पिढी सगळी तगणारी निघते. पण शेजारच्या साध्या ओळींवर वाढलेले भरपूर साधे पतंग असले, तर जोड्या मिसळतात आणि पुढची अळी पुन्हा बीटीला बळी पडते. म्हणजे त्या पाच ओळी किडीला खायला सोडायच्या होत्या, पुढची कित्येक वर्षं बाकीचा कापूस वाचावा म्हणून.

जगात इतरत्र तत्त्वज्ञ भविष्याबद्दल वाद घालत होते, तेव्हा आमच्या प्रत्येक शेतकऱ्याच्या हातात भविष्य 120 ग्रॅमच्या पाकिटात बांधून दिलं होतं. आणि ते जवळजवळ सगळ्यांनी फेकलं. पुढे काय झालं ते सर्वांना ठाऊक आहे. 2010 मध्ये गुजरातेत पहिल्या बीटीला दाद न देणारी गुलाबी बोंडअळी सापडल्याचं बियाणं विकणाऱ्या कंपनीनेच जाहीर केलं. 2017 च्या हंगामात विदर्भात आणि तेलंगणात बोंडं फोडली की आत अळी. पंधरा वर्षांत हत्यार बोथट झालं. नंतर साधं बियाणं पाकिटातच मिसळून द्यायचं ठरलं, म्हणजे शेतकऱ्याला विचारायचंच नाही.

फरदडीचंही तसंच. कापसाची शेवटची वेचणी झाली की पऱ्हाटी उपटून रान मोकळं करायचं. तसं न करता पाणी द्यायचं, मग तिला पुन्हा फुलं-पात्या येतात आणि फेब्रुवारी-मार्चपर्यंत थोडा कापूस आणखी निघतो. ही फरदड. गुलाबी बोंडअळी आपल्याकडे जवळपास कापसावरच जगते. डिसेंबरात रान मोकळं झालं तर तिची उपासमार होते; फरदड ठेवली तर तिला पुढच्या मृगापर्यंत पूल बांधून मिळतो. कृषी खातं दरवर्षी सांगतं, फरदड घेऊ नका. शेतकरी ऐकतो, मान डोलावतो आणि पाणी सोडतो.

इथवर आपल्या गादीवरच्या मंडळींचं म्हणणं खरं वाटतं. आता पुढचं गणित करू. ते गादीवर कुणी करत नाही.

आमच्या भागात खाजगी उधारीचा दर विचारला तर “तीन रुपये शेकडा” असं उत्तर येतं आणि कुणी दचकत नाही. तीन रुपये महिन्याला. वर्षाचे छत्तीस. व्याज मुद्दलात मिसळत गेलं, तर या दरानं दहा वर्षांनंतर मिळणारे शंभर रुपये आज साडेचार रुपयांच्या आसपास भरतात. बँकेच्या सात टक्क्यांनी तेच शंभर रुपये आज पन्नासाचे होतात. व्याजाचा दर ही उद्याची आजची किंमत असते. बँकेतून कर्ज मिळणाऱ्या माणसाला दहा वर्षांनंतरचा उद्या निम्म्या किमतीत पडतो. आमच्याकडून उचल घेणाऱ्याला तोच उद्या चहाच्या भावातही परवडत नाही. आता सांगा, दहा वर्षांनंतरच्या कापसासाठी आज पाच ओळी अळीच्या तोंडी कोण देईल? त्यातही शेजाऱ्याने लावल्या नाहीत, तर नुकसान माझ्या एकट्याचं आणि फायदा साऱ्या शिवाराचा.

याबद्दल कापूस वेचणाऱ्या एका बाईला मी विचारलं होतं. तिची अडीच एकर शेती, तीही कौलाने केलेली. ती म्हणाली, “बाई, दहा सालाचं कोन पाह्यते? मले तं मार्चात पैसे भराचे हायेत.” तिला दहा वर्षांनंतरचं दिसत नव्हतं असं नाही. तिच्या दारात मार्च उभा होता.

फ्रँक रॅम्सी नावाच्या केंब्रिजच्या तरुण गणितज्ञानं 1928 मध्ये एक निबंध लिहिला. आज किती वाचवावं आणि किती खर्चावं, हा त्याचा विषय. पुढचं सुख केवळ पुढचं आहे म्हणून कमी लेखणं नीतीला धरून नाही, हा कल्पनाशक्तीचा दुबळेपणा आहे, असं त्याचं मत होतं. मला रॅम्सीबद्दल आदर आहे. सव्विसाव्या वर्षी गेलेल्या माणसाची ही झेप थक्क करणारी आहे. पण त्या बाईची कल्पनाशक्ती दुबळी नाही. मार्चमध्ये दारात कोण उभं राहील, काय बोलेल, शेजारणी कशा दाराआडून बघतील, हे तिला रोज रात्री दिसतं. तिच्या उद्याला पैसे देणाऱ्याने आधीच मोजून आपल्या वहीत लिहून ठेवलं आहे. ज्याचा उद्या दुसऱ्याच्या वहीत आहे, त्याला “उद्याचा विचार कर” म्हणणं हा क्रूर विनोद आहे.

बरं, उद्याचा विचार कोण करतो, तर आम्ही व्यापारी. खरंच? मृगाला बियाणं-खत उधार द्यायचं, कापूस आपल्याच काट्यावर आणायचा असं तोंडी ठरवायचं, दिवाळी ते संक्रांत वसुली करायची. आमचा उद्या सात-आठ महिन्यांचा आहे. त्यापलीकडे जमिनीचं काय होतं, अळीचं काय होतं, त्या घरातल्या पोराचं काय होतं, हे आमच्या वहीत कुठे आहे? शेतकऱ्याने कापूस वाळवून, थांबून विकावा, असा उपदेशही आम्हीच करतो. सरकारी खरेदीत आठ टक्के ओलाव्याला पूर्ण भाव आणि बारा टक्क्यांच्या वर खरेदीच नाही. 2024-25 साली लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला 7521 रुपये होता. पण थांबायला घरात धान्य आणि दारात शांतता लागते. वसुलीचा निरोप आम्हीच पाठवायचा, मग ओला कापूस घेऊन तो आमच्याच दारात आला की ओलाव्याची कपात आम्हीच करायची, आणि वर म्हणायचं, घाई फार करतात हो हे लोक.

आणि कंपनीचं काय? आपल्याकडे बीटी आलं ते संकरित वाणांत. संकरिताची सरकी पेरून चालत नाही, बियाणं दरसाल विकत घ्यावं लागतं. म्हणजे कंपनीने आपल्या उद्याची सोय पहिल्याच दिवशी करून घेतली. फक्त पतंगांच्या उद्याची जबाबदारी तेवढी अडीच एकरवाल्या कौलदारावर टाकली, 120 ग्रॅमच्या पाकिटात घालून.

सरकारनेही उद्याचा एक भाव काढला आहे. तेलंगणात 2018 पासून रयतू बिमा आहे. अठरा ते एकोणसाठ वर्षांचा पट्टेदार शेतकरी गेला, तर घरच्यांना पाच लाख रुपये. योजना वाईट नाही. त्या पैशांनी कित्येक घरं उभी राहिली. पण पट्टा नावावर नसलेला कौलदार त्यात नाही. म्हणजे जो सगळ्यात जास्त दराने उद्या गहाण टाकतो, त्याच्या मरणालाही भाव नाही.

आता आपल्या धर्माकडे येते, कारण हे सगळं बोलणारे लोक सकाळी सामायिक करून आलेले असतात. आपल्याकडे काळाची तीन दारं फार नीट सांगितली आहेत. झालं त्यासाठी प्रतिक्रमण, चाललं आहे त्यासाठी आलोचना, आणि होणार आहे त्यासाठी प्रत्याख्यान, आपण घरात म्हणतो ते पच्चक्खाण. भविष्याशी नातं जोडायची आपली रीत बघा. भविष्याकडून काही मागायचं नाही, आज आपण काय करणार नाही ते बोलून टाकायचं. माझ्या आजीची नवकारसी असायची. सूर्योदयानंतर अठ्ठेचाळीस मिनिटं तोंडात पाण्याचा थेंब नाही. इतकंसंच भविष्य, पण पूर्ण तिच्या ताब्यातलं, आणि त्यासाठी तिने दुसऱ्या कुणाला बांधलं नव्हतं.

याच्या अगदी उलट जे, त्याला आपल्याकडे निदान म्हणतात. तप करायचं आणि त्याच्या बदल्यात पुढचं फळ आजच नावावर करून घ्यायचं. तीन शल्यांपैकी हे एक. मायेचा, मिथ्यात्वाचा आणि निदानाचा काटा. उत्तराध्ययनात चित्त आणि संभूत या दोन भावांची कथा आहे. संभूत मुनीने चक्रवर्तीचं वैभव पाहून निदान केलं, पुढच्या जन्मी ब्रह्मदत्त चक्रवर्ती झाला आणि शेवटी नरकात गेला. मागितलेलं मिळालं, म्हणूनच बुडाला. ही कथा दर चातुर्मासात आपण ऐकतो. ऐकून घरी येतो आणि पुढच्या दिवाळीच्या वसुलीचा हिशेब करतो. मला विचाराल तर उधारीच्या वहीतली प्रत्येक ओळ हे एक निदान आहे, आणि तेही दुसऱ्याच्या तपावर केलेलं.

आज जगात भविष्याबद्दल खूप लिहिलं जातं. अजून न जन्मलेल्या अब्जावधी माणसांचं आपण काय देणं लागतो, याचे हिशेब मांडणारी पुस्तकं हातोहात खपतात. डेरेक पार्फिट या इंग्रज तत्त्वज्ञाने 1984 च्या आपल्या ग्रंथात एक अवघड गाठ दाखवून ठेवली आहे. आपण आज जे धोरण घेतो, त्यावर पुढे कोण जन्माला येणार हेच ठरतं. वेगळं धोरण घेतलं असतं तर वेगळीच माणसं जन्मली असती. मग वाईट धोरणामुळे जन्मलेला माणूस “माझं नुकसान केलंत” असं कसं म्हणेल? तो तर त्याशिवाय नसताच.

गाठ खरी आहे. पण ती पडते कधी? कर्तव्य म्हणजे समोरच्या कुणाचं तरी देणं, असं धरलं की. पच्चक्खाणात समोर कुणीच नसतं. चतुर्दशीला हिरवी भाजी सोडणारी बाई अमुक एका जिवाची देणेकरी म्हणून सोडत नाही. कुठला जीव वाचला, त्याचं नाव काय, तो जन्मला का, हे तिला कधीच कळणार नाही, आणि कळायची गरजही नाही. आपल्या हाताला तिने आज लगाम घातला, एवढं पुरे. पुढच्या पिढीत कोण असेल ते माहीत नसतानाही पुढच्या पिढीशी नीट वागता येतं, कारण वागणं आपलं आहे. पार्फिटच्या गाठीचं हे उत्तर आमच्या आज्यांच्या हातात होतं.

पण हाच लगाम दुकानाच्या उंबऱ्यावर आला की गळून पडतो. “मुलाबाळांसाठी करतो हो सगळं.” हे वाक्य तर “शेतकऱ्याला उद्याचा विचार नाही” याचं जुळं भावंड. आपल्या मुलांचा उद्या हैदराबादच्या कोचिंगमध्ये, आणि त्याची फी तीन रुपये शेकड्यातून, म्हणजे दुसऱ्याच्या मुलाच्या उद्यातून. परिग्रह-परिमाण व्रताचं आपण काय केलं तेही बघा. पुढे इतक्याच संपत्तीपर्यंत जाईन, अशी मर्यादा आज घालायची, ते हे व्रत. लोक मर्यादा इतकी वर घालतात की सात पिढ्या गाठणार नाहीत, आणि मग व्रती म्हणून पाटावर बसतात.

चातुर्मासात जीव जातात म्हणून आपण पालेभाजी सोडतो. त्याच चार महिन्यांत कापसावर फवारणी चालते आणि औषधाच्या बाटल्या आपल्याच दुकानातून जातात. श्रावकाने करू नयेत अशा पंधरा धंद्यांची, पंधरा कर्मादानांची यादी पाठशाळेत पाठ करून घेतात. त्यात विषवाणिज्य नावाने आलं आहे, पोरांना पाठ आहे. 2017 मध्ये नदीपलीकडे यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसं गेली, त्यांत बरेचसे मजूर. अंगात साधा सदरा, तोंडाला फडकं. त्या वर्षी संवत्सरीला आपण सगळ्यांनी एकमेकांना “मिच्छामि दुक्कडं” म्हटलं. मागच्याची क्षमा मागितली. पुढच्याचं पच्चक्खाण कुणी घेतलं?

माझ्यावर येणारे आक्षेप मला पाठ आहेत. पहिला: आम्ही नाही विकलं तर दुसरा विकेल. विकेल. हिरवी भाजीसुद्धा तुम्ही सोडली म्हणून बाजारात कमी होत नाही, तरी सोडताच ना? दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: आम्ही पैसा दिला नाही तर कौलदाराला कोण देईल? बँक तर पट्ट्याशिवाय उभं करत नाही. हे खरं आहे, आणि मी ते मान्य करते. मृगाच्या दिवशी त्या बाईला पैसा आमच्याकडूनच मिळतो, सरकारकडून नाही. उधारी बंद करा असं मी म्हणत नाही. पण गरज आहे म्हणून कुठलाही दर चालतो, हे व्यापाराचं शास्त्र असेल, श्रावकाचं नाही. तिसरा आक्षेप: शेतकरीही फसवतो, कापसावर पाणी मारून आणतो, एकाची उचल घेऊन दुसऱ्याला माल घालतो. घालतो. छत्तीस टक्क्यांखाली दबलेल्या माणसाकडून सत्यव्रताची अपेक्षा करायची, तर आधी दर उतरवा आणि मग बघा.

मागायचं ते नेमकं मागते. येत्या संवत्सरीला, प्रतिक्रमण झाल्यावर, सगळ्यांसमोर उभं राहून चार पच्चक्खाणं घ्या. एक: पीक बुडालं त्या वर्षाचं व्याज मुद्दलात मिसळणार नाही. दोन: बियाण्याची उधारी आणि कापसाचा सौदा एकमेकांना बांधणार नाही, ज्याचा कापूस, तो हवा तिथे विकेल. तीन: परवानगी नसलेलं बियाणं, ज्याला गावात ‘चोर बीटी’ म्हणतात, ते विकणार नाही, आणि हातमोजे-मुखवटा दिल्याशिवाय विषाची बाटली काउंटरवरून सरकवणार नाही. चार: उधारीच्या चिठ्ठीवर व्याज वर्षाच्या टक्क्यांत लिहीन, छत्तीस असेल तर छत्तीस, घेणाऱ्याला वाचता येईल अशा मराठीत, तेलुगूत. चौथं सगळ्यात सोपं वाटेल. माझ्या मते तेच सगळ्यात जड जाणार, कारण तो आकडा आपल्याच अक्षरात रोज आपल्याला वाचावा लागेल.

जन्मभराचं जमत नसेल तर एका हंगामाचं घ्या. मृग ते संक्रांत. नवकारसीसुद्धा अठ्ठेचाळीस मिनिटांचीच असते. आणि तेवढंही घ्यायचं नसेल, तर निदान एक करा. “शेतकऱ्याला उद्याचा विचार नाही” हे वाक्य बोलायचं सोडा. हंगाम संपल्यावरही दुसऱ्याच्या रानाला पाणी देऊन शेवटचं बोंड काढून घेणारे आपण आहोत. फरदड तो घेतो एक-दोन एकराची. आपण घेतो त्याच्या अख्ख्या आयुष्याची.